शनिवारचा पाय

पाय दिसला आणि मधुकर वाकला होता तसाच राहिला. चेहरा त्यानं अजून बघितलाही नव्हता. पाहुणे दारात चपला काढत होते, जिन्यावर जागा कमी, म्हणून यजमानानं वाकून चार चपला बाजूला साराव्यात एवढंच तो करत होता. आणि त्याच्या नाकासमोर कोल्हापुरीतून सुटलेला एक डावा पाय उंबरठ्यावर आला. अंगठ्याचं नख दोन्ही अंगांनी आत वळलेलं, मधे उंच, कौलासारखं. शेजारचं बोट अंगठ्यावर किंचित चढलेलं. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला वाटाण्याएवढं कुरूप, आणि त्याच्यावरचं निबर कातडं कुणीतरी अलीकडेच अगदी पातळ सोलून काढलेलं. कुणीतरी कशाला म्हणायचं? त्यानंच काढलं होतं. सात वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी दीडच्या सुमाराला हा पाय त्याच्या मांडीवर येत होता. डोळे बांधून हात लावला असता तरी त्यानं ओळखला असता. पायाचा धनी कोण, राहतो कुठं, खातो काय, हे मात्र त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि विचारायची पद्धतही नव्हती. आता तो धनी पांढऱ्याशुभ्र शर्टात, पिकल्या मिशांखाली हसत म्हणत होता, "राहू द्या, राहू द्या, परबसाहेब. मुलीच्या बापानं आत्तापासनंच वाकायला घेतलं तर लग्नात काय शिल्लक ठेवणार?" सगळे हसले. मधुकरही हसला आणि सरळ उभा राहिला, पण नजर काही वर जाईना. पंचवीस वर्षांची सवय. माणसाच्या चेहऱ्याशी त्याची नेहमी उशिराच ओळख व्हायची.

बाजीराव जगदाळे, मूळचे कोरेगावचे, फोर्टातल्या एका जहाज कंपनीत हेडक्लार्क. त्यांनी मधुकरला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसे? दुकानात मधुकरच्या डोक्याला पांढरी टोपी असायची, नखांची पूड नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं, आणि मान खाली. गिऱ्हाईक उंच खुर्चीत, पेपर उघडून. पेपराच्या पलीकडे कोण बसलंय हे बघायला पैसे कोण देतो? वाशीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पंखा गरगरत होता, बाजीरावांच्या शेजारी विमलबाई पदर सावरून बसल्या होत्या, मुलगा सुधीर खाली बघत होता. चांगला मुलगा. महाप्याजवळच्या कारखान्यात केमिस्ट, नाकासमोर चालणारा. मधुकरच्या मुलीनं, सुचित्रानं, पोहे आणून दिले, नाव-शिक्षण सांगून झालं, कुळी-गोत्र विचारून झालं, कोकणातले मराठे आणि देशावरचे मराठे यावरून थोडी चेष्टा झाली. मग बाजीरावांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तुमी कुठं असता म्हणालात?" मधुकरनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. हॉर्नबी रोडवर बुटांचं मोठं दुकान आहे, तिथं सुपरवायझर. बाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "काय सांगता! आवो, मग तुमी आमचेच की. मी दर महिन्याला येतो तिथं. वरच्या मजल्यावर ते पायाचं खातं हाय ना, तिथं एक माणूस हाय. काय हात हाय त्याचा! नख असं काढतो की लोण्यातनं केस. मला तर झोप लागते बघा. ओळखता काय त्याला?"

विचार करायला वेळ होता. निदान एक श्वासभर तरी होता, हे मधुकरला नंतर कितीतरी वेळा आठवलं. तेवढ्यात हसून म्हणता आलं असतं, 'अहो, तो मीच.' पण तो म्हणाला, "वरचं खातं वेगळं. आमचा तिकडं काही संबंध येत नाही. ती माणसं निराळी." स्वयंपाकघराच्या दारात आलेली त्याची बायको जयमाला चहाचा ट्रे घेऊन तिथूनच मागं फिरली. "असं का," बाजीराव म्हणाले, "कुठलाबी असेना का, देवमाणूस हाय. तोंड मात्र कधी दाखवत नाही."  स्वतःची तारीफ ऐकून माणसाला इतकी लाज वाटू शकते हे मधुकरला त्या दिवशी कळलं.

पाहुणे होकार देऊन गेल्यावर जयमाला म्हणाली, "तो माणूस तुम्हीच ना?" तो म्हणाला, "हो." तिनं पोह्याच्या बशा गोळा केल्या. मग म्हणाली, "एकदा लग्न लागू दे. मग काय सांगायचं ते सांगा. आधी नको. माझी शप्पथ आहे." तिचं चुकत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पनवेलचं एक स्थळ असंच सगळं जुळून गेलं होतं, आणि त्या मुलाचा मामा चौकशीला म्हणून दुकानात येऊन, जिना चढून वर डोकावून गेला होता. मधुकरनं मान वर केली तेव्हा तो दारात उभा होता. मधुकरच्या हातात त्या वेळी एका शेटजींची भेगाळलेली टाच होती. आठ दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. खरं कारण नवराबायकोला माहीत. सुचित्राला वाटलं तिच्या चष्म्यामुळे झालं. तेव्हापासून ती चष्मा काढून फोटो काढून घ्यायची, आणि पाहुण्यांसमोर येताना चष्मा ओट्यावर ठेवून चाचपडत चालायची. आजही तशीच आली होती, पोह्याची बशी धरून, एकेक पाऊल मोजत. बापानं ते बघायचं आणि गप्प बसायचं. अरे, याहून मोठी शिक्षा ती काय असते? एक वाक्य बोलला असता तर पोरीनं चष्मा घातला असता. नाही बोलला.

जयमाला त्याचा कामावरचा पांढरा कोट वेगळा धुवायची आणि गॅलरीत कधीच वाळत घालायची नाही. आतल्या खोलीत, पंख्याखाली दोरीवर. सोसायटीतल्या बायकांनी बघितला तर विचारतील, तुमचे हे दवाखान्यात असतात का? सुचित्रा लहान असताना तो घरी आला की आधी डेटॉलनं हात धुवायचा, मग साबणानं, मग पुन्हा डेटॉलनं, आणि तरी तिला भरवायला बसला की जयमाला म्हणायची, "राहू द्या, मी भरवते." त्यात तिरस्कार नव्हता; बाईला किळस येते, त्याला ती काय करणार. पण त्याच्या लक्षात राहिलं. गावाकडे वडील पोस्टमास्तर होते, त्यांना त्यानं 'सेल्समन' एवढंच कळवलं होतं. ते वारले तोपर्यंत तेवढंच त्यांना माहीत होतं. मराठ्याचा पोर लोकांच्या पायाशी बसतो, नखं काढतो, हे त्यांना कुठल्या शब्दांत लिहायचं? कोट त्यानं ठरवून घातला नव्हता. एकसष्ट साली दुकानात लागला तेव्हा मॅनेजरनं विचारलं, ट्रेनिंगला कलकत्त्याला कोण जातो. बाकीच्यांनी तोंडं फिरवली, आणि हा पंचविशीतला, नुकता लागलेला, हो म्हणून बसला. सहा महिने तिथं शिकला. रुतलेलं नख कसं सोडवायचं, कुरुपाचं मूळ कसं काढायचं, चिखल्या झालेली बोटं कशी कोरडी ठेवायची, ब्लेड किती तिरपं धरायचं. आणि लाज अशी की त्याला ते काम आवडलं. मनापासून आवडलं. माणूस लंगडत जिना चढून वर यायचा आणि अर्ध्या तासानं दोन्ही टाचा टेकवत खाली उतरायचा. ती पावलं मधुकर कान देऊन ऐकायचा. त्या वेळी त्याला वाटायचं की आपण काहीतरी आहोत. पण संध्याकाळी बस खाडीपूल ओलांडायला लागली की ते काहीतरी पुलावरच राहायचं आणि वाशीच्या डेपोत सुपरवायझर उतरायचा.

पायांकडे बघायची खोड मात्र पुलाच्या अलीकडेही सुटायची नाही. सारसोळे गावाहून गोजरा मासेवाली यायची, पाटी उतरवून पायरीवर बसायची, आणि तिच्या टाचा बघून त्याचे हात शिवशिवायचे. मिठागरात उमेद गेलेली बाई. टाचांना अशा भेगा की त्यात बोट जाईल. एकदा तिनं त्याला बघताना पकडलं. "काय बगतस रं दादा? मिठागरान गेलं पाय माजं. तुला काय औशद म्हायीत हाय काय?" औषध माहीत होतं. कोमट पाणी, घासायचा दगड, मलम; महिन्याभरात बाई नाचली असती. "मला काय माहीत," तो म्हणाला, "डॉक्टरला दाखव." आणि दोन पापलेटं घेऊन घरात गेला.

बाजीरावांचा पाय हा साधा पाय राहिलेला नव्हता, हेही त्याला एकट्यालाच माहीत होतं. गेल्या गणपतीच्या सुमाराला त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. नखाच्या कोपऱ्यात अवजार शिरलं की हा पाय इवलासा आखडायचा. पेपर वाचता वाचता, मालकाच्या नकळत. ते आखडणं थांबलं. तळवा कोरडा पडला, बोटांवरची लव गेली, अंगठा मांडीवर गार लागायला लागला. कलकत्त्याच्या मास्तरांनी बजावलं होतं, ज्या पायाला दुखत नाही त्याला सगळ्यात जास्त भ्या. रक्तात साखर वाढली की पाय मुका होतो. काटा रुतला तरी सांगत नाही. मधुकर तेव्हापासून तो पाय काचेच्या भांड्यासारखा हाताळायचा. कोपऱ्यात खोल जायचाच नाही, नख सरळ कापायचा, नुसतं घासून घ्यायचा. सांगायचंही ठरवलं होतं, साहेब, एकदा रक्त तपासून घ्या. पण पूर्वी एकाला असंच सांगायला गेला होता तर त्यानं पेपर खाली न घेताच ऐकवलं होतं, 'तू नखं काप.' मग राहून गेलं. आता तर पंचाईतच झाली होती. व्याही म्हणून सांगावं, तर बुटांच्या सुपरवायझरला हेडक्लार्कच्या रक्तातली साखर कशी कळली? एका खोट्यानं सगळ्या खऱ्यांच्या वाटा बंद करून टाकल्या होत्या.

एप्रिलचा पहिला शनिवार आला. सव्वा वाजल्यापासून मधुकरला दरदरून घाम. वरच्या खोलीत तीन खुर्च्या, मागं फळीची आडभिंत, आणि फळीच्या मागं बुटांच्या खोक्यांचं गोदाम. त्यानं शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या मारोतीला सांगितलं, "माझ्या पोटात कळ येतेय. शनिवारचे साहेब येतील, तू बघशील?" मारोती कामाला चोख होता, निबर कुरुपं काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. फक्त नख रुतलेलं दिसलं की कोपरा मुळापासून काढून टाकायचा, आणि निरोगी पायाला तेच बरोबरही होतं. "जरा जपून," मधुकर म्हणाला. मारोतीनं विचारलं, "का? काय हाय?" सांगायचं होतं ते तीन वाक्यांत संपलं असतं. त्याला दुखत नाही. कोपऱ्यात जाऊ नकोस. रक्त आलं तर तसा सोडू नकोस. पण मग मारोती म्हणाला असता, एवढं ठाऊक आहे तर तूच कर की, मी गरम पाण्याची पिशवी देतो पोटाला. "असंच," मधुकर म्हणाला, "वयस्कर माणूस आहे." आणि फळीमागं जाऊन खोक्यांच्या मधे बसला.

जिन्यावर पावलं वाजली. डावं जरा घासत. "नेहमीचा माणूस कुठाय?" बाजीरावांचा आवाज. "आज नाहीत साहेब, रजेवर हायेत," मारोतीनं आपलं ठोकून दिलं. खुर्ची करकरली, टबात पाणी पडलं, पेपर उघडला. मधुकरच्या मांडीवर एक रिकामं खोकं होतं, ते त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. कातड्याच्या आणि डिंकाच्या वासानं डोकं भणभणत होतं. पाय भिजायला सात मिनिटं. मग पुसणं. मग कुरूप. मग मारोती म्हणाला, "नख लई आत गेलंय साहेब. दुखलं तर सांगा." आणि बाजीराव हसले, "काप की खुशाल. मला काय कळत नाही." त्या वेळी उठायला हवं होतं. फळीला दार होतं, दार उघडं होतं. मधुकर उठला नाही. पोटात खरोखरच कळ आली, पण ती भीतीची होती, आणि भीती पोरीच्या लग्नाची होती असं तो स्वतःला सांगत होता. कट्. पक्कड वाजली. ठीक. मग जरा थांबून आणखी एकदा, खालून, दबलेला आवाज, कट्. हा दुसरा आवाज यायला नको होता. पाय कुणाचाही असता तर इथं ओरडला असता. पलीकडे पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला.

"थोडं रक्त आलं," संध्याकाळी हात धुताना मारोती म्हणाला, "आयोडीन लावलंय. म्हाताऱ्यानं हूं की चूं केलं नाही." मधुकर म्हणाला, "बरं."

साखरपुडा तीन आठवड्यांवर होता. त्या तीन आठवड्यांत तो एकदा नेरूळला जगदाळ्यांकडे गेलाही. लग्नाच्या हॉलचं विचारायचं निमित्त काढून गेला, बसमध्ये वाक्य जुळवत गेला. नव्या कॉलनीत अजून रस्ते उकरलेले, चालताना बूट धुळीनं माखले. विमलबाई एकट्याच घरी होत्या. "ऑफिसला गेलेत. नवा बूट चावलाय म्हणून कुरकुर चाललीय, पर ऐकतील तर ना." 'बूट चावलाय' म्हटल्यावर मधुकरनं पाण्याचं भांडं तोंडापासून खाली घेतलं. सांगावं का बाईंना? डॉक्टरकडे न्या, आजच न्या? त्या विचारतील, का हो? तो म्हणाला, "काळजी घ्यायला सांगा." कुणालाही सांगतात तसं. आणि भांडं खाली ठेवून निघाला. परत येताना त्यानं हिशेब केला की साध्या जखमा आपोआप भरतात, दहातल्या आठ भरतात. ज्या माणसाला पंचवीस वर्षं हेच काम आहे तो स्वतःला असं समजावत होता. त्याला स्वतःचीच कीव आली नाही, किळस आली. जयमालाला त्याच्या हातांची जी येते ती हीच असावी असं त्याला वाटून गेलं.

साखरपुडा नेरूळला, मुलाच्या घरी, सकाळी अकराला. मे महिना तोंडावर आलेला, घरात माणसं खच्चून, अत्तर, उदबत्ती, जायफळ घातलेली खीर. आणि उंबरठ्यातच मधुकरला तो वास आला. बाकी कुणाला यायचं कारण नव्हतं. सडक्या गोड पाण्यासारखा, अगदी पुसट, मोज्यातून येणारा. बाजीराव मोजे घालून पाटाशेजारी खुर्चीवर बसले होते आणि चेहरा तापानं लाल होता. "आवो, दगदग," ते कुणाला तरी म्हणाले, "आणि हा बूट चावलेला. काय दुखत नाही, नुसतं सुजलंय." सुचित्रा हिरव्या साडीत, पाटावर, चष्म्याशिवाय. अंगठीचा मुहूर्त सात मिनिटांवर. जयमालानं मधुकरच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला काहीतरी कळलं. तिनं मानेनं 'नको' म्हटलं. मधुकरनं बघितलं, ती नको म्हणतेय ते त्याला नीट दिसलं. तरी तो पुढं झाला, त्या सगळ्या माणसांत जमिनीवर बसला, बाजीरावांचा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि मोजा उतरवायला लागला.

"आवो, आवो व्याही, हे काय!" बाजीराव दचकले. पाय सोडवून घ्यायला वाकले, पण पाय काही त्यांना ओढता आला नाही. घरात एकदम गडबड. "उठवा त्यांना!" विमलबाई ओरडल्या, "भावोजी, असं नका करू, पाय धुवायचा मान लग्नातला, तोबी नवऱ्या मुलाचा!" कोरेगावची कुणी म्हातारी आत्या पदर डोळ्याला लावून म्हणाली, "असा मुलीचा बाप बघितला न्हाई ग बाई. कोकणातली मानसं गरीब, मायाळू." कुणीतरी कौतुकानं टाळी वाजवली. कुणी ताम्हन आणायला आत पळालं. मधुकरला घाम फुटला. तो कबुली द्यायला खाली बसला होता आणि त्यांनी त्याचा सत्कार मांडला होता! एका क्षणापुरता मोह झालाही, खोटं कशाला बोला; ताम्हन येऊ द्यावं, पाय धुवावा, हळूच सांगावं डॉक्टरला दाखवा, आणि उठावं. मान राहील, लग्न राहील. मग मोजा निघाला. अंगठा निळाकाळा, नखाच्या कोपऱ्यातून पू, आणि लाली घोट्यापर्यंत चढलेली. त्यानं अंगठ्याच्या बुडाशी नख रोवलं. "कळतंय?" त्यानं विचारलं. "काय कळतंय?" बाजीराव म्हणाले.

"हॉस्पिटलला जायचं. आत्ताच्या आत्ता."

"छ्या! मुहूर्त टाळून? शनिवारी दाखवतो की आमच्या माणसाला. तुमी बुटातले, परबसाहेब, तुमाला पायातलं काय कळतंय?"

"तो माणूस मीच आहे," मधुकर म्हणाला. आवाज मोठा निघाला असावा, कारण आत्याबाईंचं हुंदके देणं थांबलं. "तुमचा हा पाय सात वर्षं मीच करतोय. सुपरवायझर वगैरे काही नाही. मी नखं काढतो लोकांची. खोटं बोललो."

 त्यानं मान वर केली नाही. आता सुचित्राचं काय, एवढंच त्याच्या डोक्यात घण घालत होतं. मग बाजीरावांनी त्याच्या डोक्यावरून खाली वाकून, हनुवटीला हात लावून, त्याचा चेहरा वर केला आणि निरखून बघितला. दाढी, चष्मा, कपाळ. "मायला," ते म्हणाले, "तुमी व्हय ते?" आणि हसायला लागले. तापानं फणफणलेला माणूस पोट धरून हसत होता. "आवो, मग त्यात लाजायचं काय? चोरी केली का दरोडा घातला? ह्यो माणूस माझ्या घरचा होतोय, माझं तर नशीबच फळफळलं!" सुधीरनं, हो, सुधीरनंच, सुचित्राकडे बघून मान हलवली, काही बिघडलं नाही अशी. जयमाला भिंतीला टेकून रडायला लागली. सुटल्यासारखी रडत होती ती. अंगठी तीन मिनिटांत घातली, मुहूर्त गाठला. पंचवीस वर्षं कोट आत वाळत घातला, पोरीला चष्म्याविना चालवलं, ते सगळं तीन मिनिटांत, हशात, निकालात निघालं. एवढीशी गोष्ट होती ती. मधुकरला त्यानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्याच्या मांडीवर अंगठा काळा पडलेला होता आणि लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

सुधीरच्या मित्राची मेटॅडोर होती. सुधीर पुढं ड्रायव्हरजवळ बसला, मागच्या बाकावर बाजीराव आडवे, त्यांचा पाय मधुकरच्या मांडीवर, खाली दुमडलेला टॉवेल. दुपारच्या उन्हात गाडी वाशीच्या दिशेला निघाली. पत्रा तापलेला. मधुकर पाय धरून होता, धक्का बसू नये म्हणून; सवयीनं अंगठा त्यानं उंच ठेवला होता. बोट जाणार, हे त्याला दिसत होतं. बोटावर भागलं तर चांगलं. बाजीरावांनी डोळे मिटले होते, पण बोलत होते. तापातलं बोलणं, लडिवाळ. "काय योग बघा, व्याही. सात वर्षं ज्याच्या हातात पाय दिला, त्याच्याच घरात मुलगा दिला. मला झोप लागायची तुमच्या हाताखाली. आता कळलं, का लागायची ते." मधुकरनं टॉवेलची घडी सरळ केली. "त्या शनिवारी तुमी नव्हता. त्या दुसऱ्यानं कापलं, रक्तबी आलं, मी आपला बुटावर ढकलत बसलो. त्याला बोल लावत नाही मी, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. तुमी रजेवर नसता तर असं झालंच नसतं. माझंच नशीब, दुसरं काय."

आता गप्प राहणं किती सोपं होतं! कुणी विचारलंच नव्हतं. मारोती कधी सांगणार नव्हता. लाज एकदा उघड्यावर येऊन, धुऊन, वाळवून झाली होती. सगळ्यांनी त्याला माफ केलं होतं, आणि माफ केलेल्या माणसाची झडती कुणी घेत नाही. या माणसाच्या घरी पोर नांदायला जाणार होती. जन्मभर हा माणूस म्हणणार होता, माझ्या व्याह्याचा हात देवाचा, नेमका त्या दिवशी रजेवर होता. दिवाळीला म्हणणार, बारशाला म्हणणार. आणि मधुकर मान खाली घालून ऐकणार.

"मी रजेवर नव्हतो," तो म्हणाला.

बाजीरावांनी डोळे उघडले.

"तिथंच होतो. फळीच्या मागं बसलो होतो. तुम्ही ओळखाल म्हणून. तुमच्या पायाला कळत नाही हे मला आठ महिने ठाऊक आहे. मारोतीला सांगितलं नाही. पक्कड आत गेली ती मी ऐकली." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि उठलो नाही."

पुढच्या सीटवरून सुधीरनं मागं वळून बघितलं. त्याला ऐकू आलं की नाही कळायला मार्ग नव्हता. बाजीराव छताकडे बघत राहिले.  मधुकर वाट बघत होता, आता ते पाय ओढून घेतील. घ्यायलाच हवा होता. त्यानं हातांची पकड सैल केली, म्हणजे त्यांना सोपं जावं. गाडी सानपाड्याच्या पुढं आली, वाशीच्या इमारती दिसायला लागल्या, तरी पाय त्याच्या मांडीवर तसाच होता, जड आणि गार. त्यांनी तो मुद्दाम राहू दिला होता, की तो कुणाच्या मांडीवर आहे हे त्यांना आता कळतच नव्हतं, ते मधुकरला विचारता आलं नाही.